चूल आणि चिमणी

मराठीत 'चिमणी' हा एक मोठा गुणी शब्द आहे. अंगणात दाणे टिपायला येते ती चिमणी, वीज येण्यापूर्वी आमच्या कोकणातल्या ओटीवर रॉकेलवर मिणमिणत असे ती चिमणी, आणि मुंबईत गिरणीच्या छपरावरून आभाळात धूर सोडी तीही चिमणीच. पहिल्या चिमणीची कीर्ती तिच्या घरामुळे आहे. काऊ-चिऊच्या गोष्टीत तिचे घर मेणाचे होते म्हणून पावसात टिकले आणि कावळ्याचे शेणाचे होते म्हणून वाहून गेले, एवढे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असते. पण ती चिमणी रोज सकाळी दाणे टिपायला कुठे जात होती, ते मात्र गोष्टीत सांगितलेले नाही. गोष्ट सांगणारी आजी घरापाशी थांबे. दाण्यांचा विषय काढीत नसे. मला अलीकडे वाटू लागले आहे, की शहरांचे नकाशे आखणारी मोठी माणसे याच आजीची नातवंडे असावीत. घरे किती बांधायची याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. दाणे कुठे टिपायचे, ते ज्याचे त्याने पाहावे!

आमचे दासगाव मुंबईहून येताना महाडच्या अलीकडे लागते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून गेलेला मुंबई-गोवा रस्ता, असा सगळा मामला. एके काळी हे बंदर होते. बाणकोटच्या मुखातून भरतीच्या पाण्यावर बोटी इथवर येत. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रह परिषदेसाठी 'पद्मावती' बोटीने इथेच उतरले आणि इथून पाच मैलांची वाट तुडवीत आपल्या सहकाऱ्यांसह महाडला गेले. गावाला त्याचा अभिमान आहे. पण त्याच धक्क्यावरून साध्या माणसांचीही ये-जा चाले, आणि तिची नोंद कुठल्या इतिहासात नाही. भात झोडून झाले, की घरातला एक तरी हातापायाने धड असलेला पुरुष बोचके घेऊन मुंबईला निघे. आमचे आजोबा असेच बोटीने गेले. पुढे काका गेले ते एस. टी.ने. १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे आली, तेव्हा तिसरी पिढी गाडीने जाऊ लागली. वाहन बदलले, जाणे काही बदलले नाही.

याचे कारण अगदी सरळ होते. कोकणात घराला कधी तोटा नव्हता. जांभ्या दगडाची जोती, कौलारू छप्पर, मागे परसू, पुढे तुळस. नव्हते ते काम. मुंबईत काम होते आणि घर नव्हते. म्हणून आमच्या माणसांनी आयुष्याचे दोन तुकडे केले. चूल इथे ठेवली आणि चिमणी तिथे शोधली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर आली, की त्या दिवशी आमची आजी त्याला न मागता चहा देई. 'चुलीत लाकूड माझं, पण आच मुंबईची' असे ती म्हणे. आजही रस्त्यावरून आत वळून कुठल्याही वाडीत जाऊन पाहा. ओळीने चांगली घरे दिसतील आणि त्यातल्या कितीतरी घरांना कुलूप दिसेल. गणपतीत उघडते, शिमग्यात उघडते, एरवी वटवाघळे राहतात. नुसते घर माणसाला थांबवून धरीत नाही, याचा पुरावा मागायला आम्हां कोकणवासीयांना दूर जावे लागत नाही.

मुंबईतली बाजू मी काकांकडून ऐकली. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. काका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी बदलीवाले, मग कायम. राहायला गावमंडळाची खोली. तिच्यात माणसे किती, असे विचारले तर ते हसून म्हणत, "किती म्हणजे? कुठल्या पाळीला मोजतोस त्यावर आहे!" पहिल्या पाळीचा उठला, की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. वळकटी कधी थंड पडत नसे. जेवण खानावळीत, आणि तीही दोन घरे पलीकडे चालवणारी कोणा गाववाल्याची बायको. पण एक सुख होते, ते काका आवर्जून सांगत. भोंगा झाला की घरातून निघायचे आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत साच्यासमोर उभे राहायचे. काम चालत जाण्याच्या अंतरावर होते. चाळी वाईट होत्या, अंधाऱ्या होत्या, एका मोरीला दहा घरे होती, हे सारे खरे. पण त्या योग्य जागी होत्या. आज जो गृहस्थ बदलापूरहून दोन गाड्या बदलून कचेरी गाठतो, त्याला या सुखाची किंमत विचारावी.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. माणसे आपापल्या वाटेने पांगली. काका १९८३ च्या पावसाळ्याआधी गावी परतले. त्यांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून रस्त्याकडेच्या आमच्या जागेत भात भरडायचा हलर बसवला. पत्र्याची शेड, एक मोटर, एक मिस्त्री आणि पोती उचलायला दोन गडी. काका त्याला 'आपली गिरणी' म्हणत. "ती गिरणी मला सोडून गेली, ही मी सोडणार नाही," हे त्यांचे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

तिकडे मुंबईत बंद गिरण्यांच्या जमिनीची वाटणी सुरू झाली. अठ्ठावन्न गिरण्या आणि सुमारे सहाशे एकर जमीन, तीही मुंबईच्या ऐन मध्यात! भाऊबंदकीची वाटणी आपण गावोगाव पाहतो; ही तिचीच थोरली बहीण. १९९१ च्या नियमाप्रमाणे ढोबळ मानाने तीन वाटे ठरले: एक महानगरपालिकेला मैदाने आणि बागांसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. कागदावर हे न्याय्य दिसते. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सांगितले, की एकेका गिरणीचे तुकडे पाडू नका, साऱ्या जमिनीचा एकत्र विचार करा. तो विचार कागदावरच राहिला. २००१ साली नियम बदलला. वाटे पाडायचे ते साऱ्या जमिनीचे नव्हेत, तर बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचे, असे ठरले. आता गिरणी म्हणजे बहुतेक सगळे छप्परच. मोकळी जागा उरणार ती किती? प्रकरण न्यायालयात गेले आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदललेला नियम उचलून धरला. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारी महामंडळाच्या एका गिरणीची सुमारे सतरा एकर जागा ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. जिथे काकांचे सोबती डबे घेऊन शिरत, तिथे आज काचेच्या इमारती आणि मोठमोठे बाजार आहेत.

या वाटणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मोकळी जागा गेली, स्वस्त घरांची जागा गेली, याचे दुःख सगळ्यांनी केले आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या पहिल्या, न्याय्य दिसणाऱ्या वाटणीपाशीच अडखळायला होते. घराला वाटा, बागेला वाटा, मालकाला वाटा. आणि कामाला? ज्या जमिनीवर सव्वाशे वर्षे काम झाले, तिच्या वाटणीत कामाच्या नावाचा वाटा कोणी मागितलाच नाही. नव्या कचेऱ्यांत आणि दुकानांत काम आले, नाही असे नाही. पण हाताने काम करणाऱ्याला रखवालदाराचा डगला आणि पोऱ्याचा ट्रे यापलीकडे त्यात फारसे काही मिळाले नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही नुसती रड होईल. त्या गिरण्या पुन्हा चालू झाल्या असत्या का? बहुतेक नाही. जुनी यंत्रे, सुरतेचे आणि भिवंडीचे मागाचे कापड, शहरातली महाग वीज. ही लढाई संपाच्या आधीच अर्धी हरली होती. आणि घरे नकोत असे तरी कोण म्हणेल? वळकटीच्या पाळ्या लावून झोपलेल्या माणसाने तर मुळीच म्हणू नये. गिरणी कामगारांनी स्वतःच घरांसाठी मोर्चे काढले. २०१२ साली म्हाडाने त्यांच्यासाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, १ मार्च २०२० ला आणखी ३,८९४ घरांची. अर्ज दीड लाखाहून अधिक. काकांनीही गिरणीचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी असे जपलेले कागद लावून अर्ज भरला होता. २०१४ साली ते गेले. अर्जाची पोच काकीने देवघरात, पोथ्यांखाली ठेवली आहे. नंबर लागलेला नाही. घराची गरज खरी असते, हे मला कोणी आकडे मांडून पटवायला नको. ते पिवळे पडलेले कागद पुरेसे आहेत.

मग चूक असते कुठे? ती घरे बांधण्यात नसते. कामाची जमीन ही रिकामी जमीन आहे असे धरून चालण्यात असते. घराला सरासरी किंमत जास्त येते, म्हणून जो तो कारखान्याच्या जागेकडे घराच्या डोळ्यांनी पाहतो. भांडुप, मुलुंड, ठाणे या पट्ट्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत कारखान्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. एकदा तिथे घर उभे राहिले, की पुन्हा कारखाना येत नाही. शेताचा प्लॉट होतो, प्लॉटचे शेत झालेले कोणी पाहिले आहे का? कामाच्या जमिनीचेही तसेच आहे. घराला चार ठिकाणी जागा मिळू शकते. पण रुंद रस्ता, वीज, पाणी, सांडपाण्याची सोय आणि आवाज सोसणारा शेजार, हे सगळे एकत्र असलेली जागा मोजकीच असते.

याच्या उलट टोकाची चूक पाहायची तर डोंबिवलीला जावे. तिथे १९६४ साली औद्योगिक वसाहत झाली. घरे आणि रासायनिक कारखाने यांच्यात जे अंतर राखायला हवे होते, ते घरांनी हळूहळू गिळून टाकले. २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा माणसे गेली. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. मधल्या काळात, २०२२ साली, दीडशेहून अधिक कारखाने आमच्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला हलवण्याचे ठरले. म्हणजे आधी घरे कारखान्याच्या अंगावर जाऊन बसली, आणि मग कारखान्यांना उठून जायला सांगण्यात आले. यात घरवाल्यांचा दोष काय? काहीच नाही. जीव मुठीत धरून कोणी राहावे? आणि कामगाराचा तरी दोष काय? काम हलले, की त्याचे बिऱ्हाड पुन्हा वाऱ्यावर.

आमच्या महाडलाही औद्योगिक वसाहत आहे. बिरवाडीच्या बाजूला, ज्या सखल जमिनीत भात पिके तिथे. तिच्यामुळे आमच्या तालुक्यातली कितीतरी मुले मुंबईला न जाता राहिली, ही गोष्ट मी मनापासून मानतो. तिचे दुसरे दानही आहे. कारखान्यांचे पाणी सावित्रीत जाते, आणि खाडीवर जाळी टाकणारे लोक मासळी पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून हळहळतात. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार दगावले. तेव्हा चिमणी दारात हवी, असे मी म्हणत नाही. चालत जाता येईल इतकी जवळ आणि रात्री निर्धास्त झोपता येईल इतकी दूर, एवढेच मागणे आहे. हे अंतर एकदा मोजून ठेवावे लागते, आणि मोजल्यावर राखावे लागते.

आणि आमच्याकडे घराची गरज म्हणजे हौस नव्हे. २५ जुलै २००५ च्या त्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर खाली आला. चारही गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. वाचलेल्यांपैकी कितीतरी कुटुंबांनी दासगावात पत्र्याच्या शेडमध्ये एक नव्हे, वर्षांमागून वर्षे काढली. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले होते. डोंगराखाली राहावे तर दरड, नदीकाठी राहावे तर पूर. यांच्या मधली जी थोडी सपाट, उंच, सुरक्षित जमीन आहे, तीच रस्त्याला हवी, तीच कारखान्याला हवी, आणि तीच घराला हवी.

हा प्रश्न आता आमच्या घरात शिरला आहे. आमचे जुने घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. माझा पुतण्या बिरवाडीकडच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. त्याला दोन लहान मुली. पावसाचा जोर वाढला, की हे सारे बिऱ्हाड अंथरुणे-पांघरुणे घेऊन गिरणीच्या शेडमध्ये झोपायला येते. पोत्यांच्या थप्पीला टेकून मुली झोपतात आणि पुतण्या रात्रभर डोंगराकडे कान लावून बसतो. ती शेड आहे सहा गुंठ्यांत. रस्ता रुंद झाला त्यात दोन गुंठे गेले, उरले चार. पाणी तिथे आजवर चढलेले नाही, दरडीच्या वाटेत ती येत नाही. पुतण्याचे म्हणणे, गिरणी काढावी आणि तिथे घर बांधावे. त्यातच एक बांधकामवाले येऊन गेले. तीन मजली इमारत, खाली गाळे, वर फ्लॅट, आम्हांला दोन फ्लॅट फुकट! मुंबईच्या लोकांना सुट्टीपुरते घर हवे असते, ते हातोहात खपतील म्हणे.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही सगळे शेडमध्येच बसलो. मिस्त्री बाहेर मोटरीला तेल घालीत होता आणि इकडचे एक अक्षरही निसटू देत नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही दोन दिवस राहून जाता. आषाढातली एक रात्र इथं काढून बघा. मला पैसा नको, मुलींना झोप पाहिजे." याला मी काय उत्तर देणार? मग मी त्या तीन मजल्यांतल्या बाकीच्या फ्लॅटना वर्षातले किती दिवस कुलूप असेल, ते बोललो. गिरणी गेली तर मिस्त्री आणि दोन गडी कुठे जातील, आसपासच्या वाड्यांनी भात भरडायला कुठे न्यायचे, ते बोललो. माझे बोलणे मलाच भाषणासारखे वाटू लागले, तेवढ्यात काकी बोलली. एवढा वेळ ती सुपात कणी पाखडीत होती.

"त्याचं खरं आहे, त्याला घर पाहिजे," ती मला म्हणाली. मग पुतण्याकडे वळून, "आणि तुला घर पाहिजे, पण ते गिरणीच्या मढ्यावर नको. तुझ्या आजोबांची गिरणी विकली तेव्हा त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं होतं? इथं निदान विचारायला बसलाय. तर मग मिस्त्रीलापण आत बोलवा. त्याचं काम जायचं आहे, आणि तो बाहेर उभा!"

मिस्त्री आत आला. संकोचाने पोत्यावर बसला. आणि गंमत अशी, की उपयोगाची पहिली गोष्ट तोच बोलला. हलर रस्त्याच्या टोकाला सरकवता येईल. आता बैलगाड्या येत नाहीत, टेंपो रस्त्यावरूनच माल उतरवतो, म्हणजे पुढचे मोठे अंगण लागतच नाही. तुसाची खाच वाऱ्याच्या खालच्या अंगाला घ्यावी, म्हणजे धूळ घरावर यायची नाही. भरडायचे काम दिवसाउजेडी संपवावे, रात्री मोटर बंद. मागच्या बाजूला दीड गुंठ्यात चार खोल्यांचे घर बसेल. मध्ये एक भिंत आणि दोन-चार शेवग्याची झाडे. पुतण्याने हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर ते आखून पाहिले. आखून झाल्यावर त्याने स्वतःच गिरणीच्या चौकोनाभोवती गडद रेघ ओढली आणि म्हणाला, "ही रेघ पुढं कुणी हलवायची नाही, असंही लिहून ठेवू या."

हे साधेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. परवानगी यायची आहे, कर्ज व्हायचे आहे, आणि घर उभे राहीपर्यंत निदान एक पावसाळा तरी मुलींना पोत्यांना टेकूनच झोपायचे आहे. बांधकामवाल्यांना नकार कळवला, तेव्हा ते मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, की विचार बदलला तर फोन करा. त्यांना ठाऊक आहे, की चार गुंठ्यांची किंमत वर्षागणिक वाढणार आणि आमचा धीर वर्षागणिक जुना होणार. मोठ्या शहरांचे प्रश्न वहीच्या पाठच्या पानावर सुटत नाहीत, हेही मी जाणतो. सहाशे एकरांची गोष्ट वेगळी आणि चार गुंठ्यांची वेगळी. पण वाटणी कितीही मोठी असो, तिच्यात कामाच्या नावाचा एक वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, आणि ज्याचे काम जाणार त्याला बाहेर उभे न ठेवता आत बोलवावे, एवढे तरी कुठेही करता येण्यासारखे आहे. त्याला मोठ्या समितीची गरज लागू नये.

सध्या भाताची कापणी उरकत आली आहे. झोडणी झालेल्या घरांची पोती गिरणीत येऊ लागली आहेत, आणि नव्या तांदळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. भाऊबीजेला मी बहिणीकडे जाईन तेव्हा पायलीभर नवा तांदूळ बरोबर नेईन. ती मुंबईत, परळलाच, एका उंच इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहते. घर छान आहे, हवा भरपूर आहे. तिच्या खिडकीतून मागे एका गिरणीची चिमणी अजून दिसते. जुन्याची खूण म्हणून तेवढी राखली आहे. तिच्यातून धूर येत नाही. तिचा मुलगा मात्र रोज सकाळी सहाला उठून कामासाठी तळोज्याला जातो, आणि रात्री नऊला घरी पोचतो.